उतरवता येणारे चिलखत असलेला रूपांतरी रोबो: परीक्षण कोणत्या क्रमाने करावे?

दातेरी_सांधा:

रूपांतर होणाऱ्या रोबो-फिगर्सवर या विभागात अधूनमधून चर्चा होते, पण ती बहुधा रंग, किंमत आणि कार्टूनशी असलेले साम्य यांच्यापुढे जात नाही. ज्या रोबोवर वरून चढवायचे आणि हवे तेव्हा उतरवायचे चिलखत आहे, त्याचे परीक्षण मात्र निराळ्या क्रमाने व्हावे असे मला वाटते. आधी चिलखत खोक्यात ठेवावे, नुसत्या रोबोशी काही दिवस खेळावे आणि मगच चिलखत चढवून पाहावे. जाहिरातीतल्या छायाचित्रांत क्रम नेमका उलटा असतो. चिलखत चढवलेला रोबो रुबाबदार दिसतो आणि त्या रुबाबाखाली काटकुळ्या मांड्या, मागून पोकळ राहिलेले दंड आणि उघडी बिजागरे सहज झाकली जातात.

उदाहरणासाठी अमेरिकी कंपनी हॅस्ब्रोच्या ट्रान्सफॉर्मर्स खेळण्यांपैकी ‘वॉर फॉर सायबरट्रॉन: सीज’ या मालिकेतला जेटफायर घेतो. तो 2019 च्या अखेरीस ‘कमांडर’ या मोठ्या आकाराच्या वर्गात आला आणि अमेरिकेत त्याची छापील किंमत 79.99 डॉलर होती. पांढरा रोबो, त्याचे पांढरे जेट विमान आणि दोन्ही रूपांत वर चढणारे लाल चिलखत, असे त्याचे स्वरूप आहे. पक्षचिन्ह उलटवून त्याला ऑटोबॉट किंवा डिसेप्टिकॉन (कथेतले दोन शत्रुपक्ष) करता येते, आणि ही सोय निव्वळ गंमत म्हणून दिलेली नाही, कारण 1980 च्या दशकातल्या कार्टूनमध्ये हे पात्र स्कायफायर या नावाने येते, बर्फात गाडलेल्या अवस्थेत सापडते, जुना सहकारी स्टारस्क्रीम याच्यामुळे आधी डिसेप्टिकॉनांच्या बाजूने उभे राहते आणि मग पक्ष बदलते.

लाल चिलखत काढल्यावर जे उरते ते या फिगरचे खरे बळ आहे. छाती, खांदे आणि पोटऱ्या स्वतःच्या आकाराने पूर्ण वाटतात, ‘इथे काहीतरी बसवायचे राहिले आहे’ असे सांगणाऱ्या रिकाम्या जागा डोळ्यांत भरत नाहीत, आणि विमानही चिलखताशिवाय विमानच दिसते. पुष्कळ फिगर्स इथेच नापास होतात. एका लहान कंपनीची (नाव घेत नाही) बरीच महाग फिगर माझ्याकडे आहे. चिलखतासकट ती देवघरात ठेवावी अशी दिसते, पण चिलखत काढले की खांद्यांत आरपार भोके दिसतात आणि कमरेखालचा भाग वरच्या धडाला शोभत नाही. तिथे चिलखत हा जास्तीचा भाग राहत नाही, तो रोबोचा उरलेला अर्धा भाग असतो आणि विक्रेता तोच भाग ‘सोबत मोफत’ म्हणून मिरवत असतो.

दुसरी कसोटी तुकड्यांच्या मुक्कामाची. रोबोच्या पोटरीवरचा तुकडा विमान झाल्यावर कुठे जातो? तो जागेवरच राहून विमानाच्या आकारात सामावत असेल तर उत्तम. तो काढून दुसऱ्या ठिकाणी लावावा लागत असेल तरी चालेल, पण त्या ठिकाणी तो शोभला पाहिजे. आणि तो कुठेच बसत नसेल, टेबलावर बाजूला ठेवून द्यावा लागत असेल, तर त्या तुकड्याचे गुण मी निम्मे कापतो. सीज मालिकेतल्या फिगर्सना अंगभर 5 मिलिमीटरची छिद्रे आहेत आणि शस्त्रांच्या मुठी त्याच मापाच्या आहेत, त्यामुळे तुकडा अडकवायला जागा मिळतेच. मात्र अडकणे आणि शोभणे यांत फरक आहे आणि परीक्षण लिहिताना तो सांगितला पाहिजे.

रंगाबद्दल एकच तक्रार नोंदवतो. या मालिकेत युद्धात रापल्याचा भास व्हावा म्हणून चंदेरी रंगाचे फराटे ओढलेले आहेत. ते कल्पनेत ठीक वाटतात, पण पांढऱ्या अंगावर, त्यातही ठरावीक जागीच उमटलेले, मला तरी रणांगणापेक्षा रंगशाळेची आठवण करून देतात.

भाताचं_पेज:

धागा आवडला, पण पहिल्या निकषाशी मी सहमत नाही. ‘चिलखत काढल्यावर काय उरते’ हा प्रश्न सगळ्यांना सारखा लावता येणार नाही. अल्ट्रा मॅग्नसचे उदाहरण घ्या. 1986 साली ट्रान्सफॉर्मर्समध्ये आलेले ते खेळणे मूळचे ताकारा या जपानी कंपनीच्या डायाक्लोन या खेळण्यांच्या मालिकेतले होते. ट्रकचा पुढचा भाग वेगळा होऊन ऑटोबॉटांचा नायक ऑप्टिमस प्राइम याच्यासारखाच, पण पांढरा रोबो बनायचा आणि मागच्या ट्रेलरचे चिलखत होऊन ते त्याच्या अंगावर चढायचे. कार्टूनमध्ये मात्र आतला पांढरा रोबो कधी दिसलाच नाही, तिथे अल्ट्रा मॅग्नस अखंड एकच देह आहे. म्हणजे ज्या पिढीने कार्टून पाहिले तिच्या दृष्टीने चिलखतातला रोबो हेच पात्र आहे आणि आतला पांढरा गडी ही खेळण्याची अंतर्गत बाब आहे. अशा वेळी आधी उघडा रोबो तपासून गुण देणे म्हणजे पुरणपोळीचे परीक्षण पुरण बाजूला काढून करण्यासारखे आहे.

सीज मालिकेतच 2019 मध्ये लीडर वर्गातला अल्ट्रा मॅग्नस आला. त्यात आतला रोबो पुन्हा दिला आहे. मला तो आवडतो, पण तो नसता तरी मी ती फिगर घेतली असती.

दातेरी_सांधा:

@भाताचं_पेज, मुद्दा मान्य आहे, पण पूर्ण नाही. पात्र कोणते हा प्रश्न कथेचा झाला, आणि हातातली वस्तू कशी आहे हा प्रश्न वस्तूचा. ज्या क्षणी निर्माता आतला रोबो वेगळा काढता येईल असा देतो, त्या क्षणी त्याने त्या रोबोची जबाबदारीही घेतलेली असते. नाहीतर त्याने अखंड देहच बनवावा. 2015 मध्ये ‘कॉम्बायनर वॉर्स’ मालिकेत लीडर वर्गाचा जो अल्ट्रा मॅग्नस आला त्यात आतला पूर्ण आकाराचा रोबो नव्हता, सोबत एक छोटी आकृती होती, आणि त्याबद्दल कोणी त्याचे गुण कापले नाहीत. दिले नाही तर अपेक्षा नाही. दिले आहे तर ते उभे राहिले पाहिजे, त्याचे हात वळले पाहिजेत आणि त्याची मान हलली पाहिजे.

वाल्किरी_वेडा:

जेटफायरचा विषय निघाला आहे तर त्याचे घराणे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. 1985 चे जेटफायर हे खेळणे मुळात ट्रान्सफॉर्मर नव्हतेच. जपानमध्ये ऑक्टोबर 1982 पासून जून 1983 पर्यंत ‘मॅक्रॉस’ ही ॲनिमेशन मालिका दाखवली गेली. तिच्यातल्या व्हीएफ-1 वाल्किरी या विमानाची रचना शोजी कावामोरी यांनी केली आणि त्याचे 1/55 प्रमाणातले खेळणे ताकातोकू या कंपनीने काढले. 1984 मध्ये ताकातोकूचे दिवाळे वाजले आणि साचे बांदाई या दुसऱ्या जपानी खेळणी कंपनीकडे गेले. हॅस्ब्रोने तेच खेळणे परवाना घेऊन अमेरिकेत जेटफायर नावाने विकले. हॅस्ब्रोची जपानी भागीदार ताकारा ही बांदाईची थेट स्पर्धक असल्यामुळे जपानच्या ट्रान्सफॉर्मर्स मालिकेत ते विकले गेले नाही, आणि कार्टूनमध्येही पात्राचे रूप आणि नाव दोन्ही बदलून स्कायफायर करण्यात आले.

हे सांगण्याचे कारण असे की लाल चिलखताची कल्पना या घराण्यातूनच आलेली आहे. वाल्किरीला मालिकेत दोन प्रकारची जोड मिळते. एक ‘सुपर’ पद्धतीची, म्हणजे पाठीवर मोठे बूस्टर आणि पायांवर व हातांवर जोडभाग. ही जोड अंगावर असतानाही विमान आणि रोबो ही दोन्ही रूपे घेता येतात, आणि जेटफायरचे लाल तुकडे याच प्रकारातले आहेत. दुसरी जीबीपी-1एस नावाची जाड, क्षेपणास्त्रांनी भरलेली. ती अंगावर असताना रूपांतर करता येत नाही. कथेतही वैमानिक ती फेकून देतो आणि मगच विमान होते, आणि खेळण्यातही तसेच करावे लागते. धागालेखकांच्या दुसऱ्या निकषाने जीबीपी-1एस पार नापास होते, कारण विमानरूपात तिच्या तुकड्यांना घरच नाही. तरीही माझ्या मते ती आजवरच्या सर्वोत्तम चिलखतांपैकी एक आहे. एकेक तुकडा काढून टाकण्याची क्रिया हाच तिचा खेळ आहे.

दातेरी_सांधा:

@वाल्किरी_वेडा, या प्रतिसादानंतर दुसरा निकष थोडा दुरुस्त करून मांडतो. तुकड्याला विमानरूपात जागा नसेल, तर त्याच्या काढण्यात काहीतरी घडले पाहिजे. जीबीपी-1एसमध्ये ते घडते. पुष्कळ आधुनिक फिगर्समध्ये मात्र तुकडा काढावा लागतो तो केवळ अभियंत्याला तो सामावून घेता आला नाही म्हणून, आणि ते हाताला लगेच कळते.

सायली_दे:

मी इथे नवीन आहे आणि संग्राहक नाही. माझ्या मुलाला नववे वर्ष लागले आहे आणि त्याला चिलखतवाला रोबो हवा आहे. वरची चर्चा वाचून ज्ञान वाढले, पण निर्णय काही होईना. त्याच्या हाती दिल्यावर ते तुकडे किती दिवस टिकतील, हे कोणी सांगेल का? आमच्याकडे सोफ्याच्या फटीत बरेच काही गेलेले आहे.

कणेरी_मठ:

@सायली_दे ताई, खोक्यावर 8 वर्षे आणि पुढे असे लिहिलेले असते, त्यामुळे वयाची अडचण नाही. घरात तीन वर्षांखालचे भावंड असेल तर मात्र लहान तुकडे असलेली फिगर आणू नका. टिकण्याबद्दल बोलायचे तर पाहण्याची जागा एकच आहे, तुकड्याला धरून ठेवणारी खुंटी. तिचे मूळ जाड आहे की बारीक, आणि ती सरळ आत जाते की तिरकी ढकलावी लागते, एवढे पाहिले तरी पुरे. सरळ जाणारी जाड खुंटी मुलांच्या हातात वर्षानुवर्षे टिकते. तिरकी, चपट्या जिभेसारखी खुंटी वाकवून वाकवून मुळाशी पांढरी पडते, आणि ती पांढरी रेघ दिसली की ती खुंटी लवकरच तुटणार हे ओळखावे.

विकत घेण्यापूर्वी दुकानात खोके उघडू देत नाहीत. म्हणून यूट्यूबवर त्या फिगरचे एखादे परीक्षण आवाजासकट पाहा. चिलखत बसताना ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. परीक्षक बोलता बोलता तुकडा दोन-तीनदा दाबून बसवत असेल, तर तोंडाने तो काहीही म्हणो, ते बसवणे सैल आहे.

मुलासाठीच घ्यायचे असेल तर कमी तुकड्यांचे, मोठ्या चिलखताचे घ्या. अल्ट्रा मॅग्नसचे चिलखत मोठ्या भागांचे असते आणि ते सोफ्याच्या फटीत जाण्याची शक्यता कमी आहे.

जुना_खोका:

नव्या फिगर्सवर पुरेसे बोलून झाले आहे, म्हणून 1985 च्या जेटफायरबद्दल लिहितो. परदेशी लिलावांत तो वारंवार येतो आणि आपल्याकडचे काही जण घाईने बोली लावतात.

सर्वांत आधी रंग. या फिगरचे पांढरे प्लास्टिक पिवळे पडण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. ते सगळे सारखे पडत नाही. चिलखताखाली झाकलेला भाग पुष्कळदा पांढरा राहतो आणि उघडा भाग लोण्याच्या रंगाचा होतो, त्यामुळे लाल तुकडे चढवलेल्या छायाचित्रावरून काहीही ठरवू नका. विक्रेत्याकडून चिलखत काढलेले, दिवसाच्या उजेडातले आणि शेजारी कोरा कागद ठेवलेले छायाचित्र मागवा. कागदाचे कारण उघड आहे. पिवळ्या दिव्याखाली सगळेच पिवळे दिसते आणि हुशार विक्रेता निळसर दिवा लावून पिवळे पांढरे करून दाखवतो.

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन यांचा उपाय करून असे प्लास्टिक पुन्हा पांढरे करता येते हे खरे, पण काही काळाने पिवळेपणा परत येऊ शकतो आणि स्टिकर्सची वाट लागते ती निराळीच. पांढरा केलेला नमुना विकत घेत असाल तर तसे सांगितलेले असावे. लपवलेले असेल तर किंमत पाडून मागा.

मग तुकडे मोजा. पाठीवरचे बूस्टर, हातापायांवरचे लाल भाग, शिरस्त्राण आणि बंदूक यांतले काहीतरी बहुतेक वेळा हरवलेले असते, आणि नेमका हरवलेला तुकडाच सुटा विकत घ्यायला गेलात तर अंगावर काटा येईल अशी किंमत सांगतात. माझ्याकडच्या एका व्यवहारात जाहिरातीत ‘संपूर्ण’ असे लिहिले होते आणि पार्सल उघडल्यावर एका हातावरचे चिलखत दुसऱ्याच खेळण्याचे निघाले. रंग जुळत होता, माप जुळत नव्हते.

शिक्के आणि चिन्हेही पाहावीत. सुरुवातीच्या नमुन्यांवर मॅक्रॉसचे पतंगाच्या आकाराचे चिन्ह सापडते, नंतरच्यांवर ते नाही. ज्यांना ही बाब महत्त्वाची वाटते ते त्यासाठी जास्त पैसे मोजतात. मला विचाराल तर चिन्हापेक्षा पायांचे सांधे घट्ट असलेला नमुना मी आधी घेईन.

भाताचं_पेज:

किमतीचा विषय निघाला म्हणून आपल्याकडची वस्तुस्थितीही नोंदवू. खेळण्यांच्या आयातीवरचे मूळ सीमाशुल्क 2020 च्या अर्थसंकल्पात 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाले आणि 2023 मध्ये 70 टक्के. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र आणि आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. व्यापाऱ्यांनी मोठ्या, महाग वर्गातल्या फिगर्स आणणे कमी केले तर त्यात नवल नाही. त्यामुळे परदेशातल्या परीक्षणांत ‘80 डॉलरला इतके मिळते’ असे जे वाक्य येते, ते आपल्याला जसेच्या तसे लागू करता येत नाही. ज्या फिगरला तिकडे ‘पैसे वसूल’ म्हणतात, ती इथे दुप्पट भावाने घेताना सैल खुंटी माफ करण्याचे कारण उरत नाही.

रविवार_पेठी:

पुण्याला बोहरी आळीत आणि मुंबईला क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास अशाच फिगर्सच्या नकला मिळतात, हेही या धाग्यात यायला हवे. मी नकलांचा कट्टर विरोधक नाही, काही नकलांचे रूपांतर चांगले चालते. पण चिलखत असलेल्या फिगरची नक्कल शक्यतो घेऊ नये. मूळ वस्तूवरून साचा काढताना मापे किंचित बदलतात. एका सांध्यात तो फरक खपून जातो, पण चिलखताच्या प्रत्येक तुकड्याला अनेक खुंट्या एकाच वेळी बसवायच्या असतात. तीन बसतात आणि चौथी बसत नाही. मग माणूस जोर लावतो आणि पुढचे सांगायला नको.

नक्कल ओळखायची असेल तर प्लास्टिकची कड नखाने तपासा. मूळ फिगरची कड साफ असते. नकलेच्या कडेला साच्याच्या दोन भागांमधून बाहेर आलेला पातळ पापुद्रा हाताला लागतो.

वाल्किरी_वेडा:

धागालेखकांना एक प्रश्न आहे. तोल कसा तपासता? पाठीवर बूस्टर चढवले की माझ्याकडच्या निम्म्या फिगर्स मागे झुकतात आणि मग त्यांना कायम कमरेत वाकवून, बस पकडायला निघाल्यासारखे उभे करावे लागते.

दातेरी_सांधा:

@वाल्किरी_वेडा, ही कसोटी खरे तर मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवी होती इतकी महत्त्वाची आहे. माझी पद्धत अशी: पूर्ण चिलखत चढवायचे, गुडघे आणि कंबर अगदी सरळ ठेवायची आणि फिगर काचेवर उभी करायची. टेबलावरचे कापड किंवा लाकडाचा खरखरीतपणा पावलाला धरून ठेवतो आणि दोष लपवतो, काच तसे करत नाही. मग टेबलाला हलका धक्का द्यायचा. उभी राहिली तर टाचेची लांबी पुरेशी आहे. पडली तर घोटा मागे झुकतो आहे की कंबर, हे पाहायचे, कारण घोटा झुकत असेल तर सांधा सैल आहे आणि त्यावर उपाय करता येतो. पाऊलच आखूड असेल तर काही करता येत नाही.

मोठ्या फिगर्समध्ये खांदे आणि कंबर यांना दातेरी सांधे दिलेले बरे असतात, तिथे नुसत्या घर्षणावर चालणारा सांधा कालांतराने हार मानतो. दातेरी सांध्याचा तोटा असा की दोन दातांच्या मधली अवस्था मिळत नाही. दात मोठे असतील तर हात एकतर फार वर किंवा फार खाली राहतो. चिलखताचे वजन पेलायचे असेल तर हा तोटा पत्करावा, असे माझे मत.

कणेरी_मठ:

सैल सांध्यावरचा उपाय लिहून ठेवतो, कारण पुढे कोणीतरी विचारणारच. गोळा असलेल्या सांध्याचा गोळा बाहेर काढून त्यावर रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर द्यावा, रात्रभर पूर्ण सुकू द्यावा आणि मगच बसवावा. ओला असताना बसवला तर सांधा कायमचा चिकटेल. फेविक्विक वापरणारे बरेच आहेत, पण त्याची वाफ आजूबाजूच्या प्लास्टिकवर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते आणि विमानाच्या पारदर्शक काचेवर बसली की ती जाणे कठीण.

चिलखताच्या सैल खुंटीलाही हाच उपाय लागू पडतो. थर मात्र अगदी पातळ द्यावा, कारण जाड झालेली खुंटी छिद्रच फाडते.

सायली_दे:

सर्वांचे आभार. अल्ट्रा मॅग्नसची परीक्षणे मुलाबरोबर बसून आवाजासकट पाहिली, त्याला आतला पांढरा रोबो जास्त आवडला आहे आणि ‘चिलखत नंतर घालू’ असे त्याचे म्हणणे आहे. आता एकच विचारते. पावसाळ्यात या वस्तू कपाटात कशा ठेवाव्यात? आम्ही रत्नागिरीला असतो, इथे चपलांनासुद्धा बुरशी येते.

जुना_खोका:

ताई, ओलाव्याने एबीएस या कडक प्लास्टिकचे फारसे बिघडत नाही. बिघडतात ते स्टिकर्स, धातूचे स्क्रू आणि पुठ्ठ्याचे खोके. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि त्या अधूनमधून बदला. चिलखताचे तुकडे रबर बँडने बांधू नका, रबर उष्णतेने प्लास्टिकला चिकटून डाग पाडते. मऊ पीव्हीसीची पिशवीही टाळा, साधा पातळ कागद गुंडाळा. डबा खिडकीपाशी ठेवू नका, कारण पांढऱ्या प्लास्टिकचा खरा शत्रू ऊन आहे.

दातेरी_सांधा:

यात एवढीच भर घालतो की महिनोन्महिने ठेवून द्यायचे असेल तर चिलखत रोबोवर चढवलेल्या अवस्थेत ठेवू नये. घट्ट बसणाऱ्या खुंटीने छिद्रावर सतत ताण राहतो आणि बाहेर काढताना तिथेच चीर पडलेली दिसते. आणि एखादा सांधा फारच घट्ट असेल तर पिळू नका. लहान फिलिप्स पेचकसाने त्या सांध्याचा स्क्रू थोडा सैल करा, हलवून पाहा आणि मग पुन्हा आवळा.